हाडास हुकूम कोणाचा?

मोडलेलें हाड सांधतें. पण सांधण्याचा हुकूम त्यास कोण देतो? लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनीं अनेक वर्षें याच प्रश्नास वाहिलीं. चाकू चालविणाऱ्यानें प्रयोगशाळेंत इतकें रमावें, हें मला थोर वाटतें. हाडांतील चुना आम्लानें काढून उरलेला मऊ भाग त्यांनीं सशांच्या स्नायूंत ठेवला. कांहीं आठवड्यांनीं तेथें, निव्वळ मांसांत, नवें हाड तयार झालें! हा शोध १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. हुकूम देणाऱ्या प्रथिनांचीं जनुकें मात्र १९८८ सालीं दुसऱ्यांच्या हातीं लागलीं. युरिस्ट २००१ सालीं वारले. पुढच्याच वर्षीं त्यांपैकीं एक प्रथिन अमेरिकेंत कमरेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं मान्य झालें. मानेंत वापरल्यास जिवावर बेतणारी सूज येऊं शकते, असा इशारा सरकारास २००८ सालीं द्यावा लागला.