हिच्यासाठी केलेली बिअर

दर रविवारी जेवणाआधी आमच्या चिंचवडच्या घरातून ‘फस्स’ असा आवाज येतो. तो ऐकला की शेजारचे काका गॅलरीतून हमखास विचारतात, “काय, बिअर झाली का हो?” सोसायटीत मला ‘बिअरवाले’ असेच नाव पडले आहे. वास्तविक त्या आवाजामागे बिअरचा थेंबही नसतो. असतो तो आल्याचा पाक, लिंबू आणि सोडा. पण हे नाव मला का चिकटले, आणि एकेकाळी मी खरोखरीची बिअर करत होतो ती कोणासाठी, ही हकीकत सांगण्यासारखी आहे. ती बिअरची कमी आणि संसाराची जास्त आहे.

तसा मी यंत्रांतला माणूस. आधी पिंपरीत आणि नंतर चाकणला अशी माझी सारी नोकरी मोटारींच्या कारखान्यांत गेली. पहाटे कंपनीची बस पकडायची, मोशीच्या पुढे वाहतुकीच्या कोंडीत राहिलेली झोप पुरी करायची, आणि दिवसभर कुठला सुटा भाग का नापास झाला याचा शोध घ्यायचा. या शोधाची एक पद्धत आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात. टोयोटा कंपनीतल्या ताइची ओनो यांनी ती रूढ केली. बिघाड दिसला की पाच वेळा ‘का?’ विचारायचे. यंत्र बंद पडले. का? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण पुरत नव्हते. का? पंप तेल ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती म्हणून धातूचा कीस आत गेला. पहिल्या ‘का’वर थांबणारा माणूस फ्यूज बदलत बसतो आणि यंत्र पुन्हा बंद पडते. ही गोष्ट मी शेकडो पोरांना सांगितली आहे. स्वतःच्या घरात मात्र मी दीड वर्ष फ्यूजच बदलत बसलो होतो.

बादली आणि वही

२०११ साली कंपनीने मला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवले. स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात आम्ही तिघे राहायला गेलो. तिथे हाताखालच्या एका सहकाऱ्याने मला घरी बिअर करण्याचा नाद लावला. तिकडे हा छंद राजरोस चालतो. त्या वेळी वर्षाला दोनशे लिटरपर्यंत घरगुती बिअरवर कर नव्हता (२०२४ पासून ती मर्यादा पाचशे लिटर झाली आहे). फक्त सुरुवात करण्याआधी जकात कार्यालयाला कळवायचे आणि बिअर विकायची नाही, एवढीच अट. इंग्लंडात १९६३ मध्ये आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ही मोकळीक मिळाली. बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स यांखेरीज काही घालू नये, असा फतवा बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी १५१६ मध्ये काढला होता. त्यात यीस्टचे नावही नाही, कारण यीस्ट नावाचा जीव हे काम करतो हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते.

कृती ऐकायला सोपी आहे. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे. वीस लिटरला साधारण चार किलो. ते पासष्ट अंश गरम पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे पिठाची साखर होते. झाली की नाही, ते आयोडीनच्या थेंबाने तपासायचे. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा रंग पाहिलेला असतो, तेच. मग ते गोड पाणी गाळून हॉप्स या वेलीच्या फुलांबरोबर तासभर उकळायचे. बिअरचा कडवटपणा येतो तो या फुलांचा. निवले की यीस्ट घालायचे आणि झाकण लावलेली बादली दोन आठवडे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची.

आमची ही बिअर पीत नाही. लग्न झाल्यापासून मला ते माहीत होते आणि त्याचे मला काही वाटलेही नव्हते. पण स्वतःच्या हाताने केलेली वस्तू घरच्या माणसाने चाखू नये, हे मनाला लागते. हिला आवडेल अशी बिअर करायची, असे मी ठरवले. कारखान्यातल्या सवयीने एक वहीही घातली. तारीख, तापमान, प्रमाण आणि शेवटच्या रकान्यात ‘अभिप्राय’.

पहिली बिअर तिथल्या रिवाजाप्रमाणे कडू झाली. हिने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि “चांगली झालीय” म्हणाली. मी वहीत लिहिले, ‘कडवट वाटली.’ आता कडू चव सगळ्यांना सारखी लागत नाही, हे शास्त्र आहे. १९३१ च्या सुमारास आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. शेजारचा सहकारी तोंड कडू झाले म्हणून कुरकुरू लागला आणि फॉक्सला मात्र कसलीच चव लागली नाही. हा फरक जन्मजात असतो, हे पुढे सिद्ध झाले. मला वाटले, सापडले कारण. मी हॉप्स निम्मे केले.

दुसऱ्या वेळी गव्हाची बिअर केली. तिच्यातल्या यीस्टमुळेच केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, वरून काही घालावे लागत नाही. एक घोट, “चांगली आहे.” तिसऱ्या वेळी बर्लिनकडच्या पद्धतीने आंबट बिअर करून तिच्यात रासबेरीचा पाक घातला. चौथ्या वेळी १५१६ चा फतवा बाजूला ठेवून इथून नेलेला गूळ आणि वेलदोडा घातला. दर वेळी एकच घोट आणि तोच अभिप्राय. सात वेळा बिअर झाली. मधल्या काळात ही घरात कारल्याची भाजी आणि मेथीचे लाडू करत होती, आणि ते आवडीने खातही होती. कडवटपणाशी हिचे काही वाकडे नाही, हे समोर ताटात वाढलेले असून मला दिसले नाही.

आणखी एक गोष्ट वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे. जव शिजत असताना सगळ्या घरात सत्त्वाच्या पेजेसारखा वास सुटे. तेव्हा ही ओट्याशी येऊन उभी राही. एकदा चमचाभर गोड पाणी चाखून “मुलीला द्यायला हरकत नाही,” असेही म्हणाली होती. पण यीस्ट घातल्यानंतर ती त्या कोपऱ्याकडे फिरकत नसे. कडाक्याच्या थंडीतही स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवी. मी त्यावर नोंद केली होती : ‘खिडकीमुळे तापमान दोन अंशांनी घसरले. काळजी घेणे.’

सात तारीख

शेवटी विचारले ते मी नाही, आमच्या मुलीने. ती तेव्हा आठवीत होती. एका संध्याकाळी बादलीचे झाकण उघडून मी वास घेत होतो आणि हिने नेहमीप्रमाणे खिडकी उघडली. मुलगी म्हणाली, “आई, तुला याचा वास का आवडत नाही?” हिने हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाली, “तुझ्या आजोबांच्या शर्टाला यायचा, म्हणून.”

हिचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. ते लिव्हरच्या दुखण्याने गेले, एवढेच मला लग्नाच्या वेळी सांगण्यात आले होते. बाकीचे मी त्या रात्री ऐकले. तेव्हा पगार रोख मिळायचा, पाकिटातून. सात तारखेला पाळी सुटायच्या वेळी हिची आई हिला बरोबर घेऊन गेटबाहेर उभी राहायची. आणखीही बायका असायच्या. सगळ्यांचे डोळे गेटकडे, आणि एकमेकींकडे कोणी बघायचे नाही. आईने पाकीट हातात घेतले तर महिना निघायचा. गाठ पडली नाही तर रात्री उशिरा ते दार वाजवायचे, आणि आधी तो आंबूस वास घरात यायचा, मग ते. त्यांनी कधी हात उगारला नाही, हे ही दोनदा म्हणाली. झोपेतच हिला जवळ घेऊन ते रडायचे. १९९१ मध्ये ते गेले तेव्हा ही बारावीला होती.

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?” मी विचारले. “अहो, तुम्ही इतक्या हौसेने माझ्यासाठी करत होतात,” ती म्हणाली. “आणि तुम्ही चव कशी आहे ते विचारत होतात. चव चांगलीच होती.”

वर्षभराहून अधिक काळ तो वास मी हिच्या स्वयंपाकघरात झाकण लावून ठेवला होता. आणि तोही हिच्यासाठी म्हणून! दुसऱ्या दिवशी बादली त्या सहकाऱ्याला देऊन टाकली. वही मात्र ठेवली.

फेस कुठून येतो?

२०१३ मध्ये आम्ही परत आलो. इथे घरी बिअर करण्याचा प्रश्नच नव्हता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते विकायला असो की घरच्यापुरते. ज्याला ताजी बिअर हवी त्याच्यासाठी तोवर पुण्यात सोय झालीच होती. २००९ मध्ये ‘डूलाली’ने पुण्यात परवान्यासह लहान भट्टी सुरू केली आणि पाठोपाठ इतरही आल्या. बिअर न आवडणाऱ्यांसाठी तिथे सफरचंदाची सायडरही मिळू लागली. मित्र म्हणाले, वहिनींना घेऊन चल. तोवर मी शहाणा झालो होतो. आधी घरी विचारले. “तुम्ही जा,” ही म्हणाली, “फक्त आल्यावर तोंड धुऊन मग बोला.” तो करार आजही चालू आहे.

पण या वेळी मी पुढचा ‘का’ही विचारला. किंवा त्याच्या उलटे म्हणा : तुला आवडते काय? ही विचार करून म्हणाली, “गोटी सोडा. मोरया गोसावींच्या उत्सवात बाबा घेऊन द्यायचे. गोटी आत ढकलली की तो जो फस्स आवाज यायचा ना, तो.” वडिलांची एक चांगली आठवण, आणि तीही बाटलीतलीच.

मी लगेच आल्याच्या बिअरची माहिती गोळा केली. अठराव्या शतकातले हे इंग्लंडचे पेय. नावात बिअर असली तरी जव नाही, हॉप्स नाहीत. ते कसे आंबते याचा उलगडा मार्शल वॉर्ड या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये केला. यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने ते काम करतात. मी सांगत होतो आणि ही डाळ-तांदूळ वाटत होती. आंबवण्यातले हिला शिकवावे असे माझ्याकडे काही नव्हते. रोजचे दही, इडलीचे पीठ, ढोकळा, पिठात बोट घालून उद्या किती फुगेल ते ही सांगते. आणि आमचे पिंपरी गाव तरी काय? १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलिन तयार होऊ लागले. मोटारी पुढे आल्या.

माझे संपल्यावर हिने एकच विचारले, “त्यात फेस कशाने येतो?”

“यीस्ट साखर खाते. त्यातून वायू निघतो.”

“आणि दुसरे काय निघते?”

खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. साखरेपासून यीस्ट वायू जितका करते, वजनाने जवळजवळ तितकेच मद्यार्कही करते. लवकर थंड केले तर अर्ध्या टक्क्याच्या आत राहते, असे मी सांगू लागलो. “टक्के तुमच्या कंपनीत सांगा,” ही म्हणाली. “मला फेस हवा. तो नुसता विकत मिळत नाही का?”

मिळतो! आठ ग्रॅम वायूच्या लहानशा नळकांड्यात मिळतो. ते सोडा सायफनला लावले की लिटरभर गार पाणी मिनिटात फसफसते. पाव किलो साताऱ्याचे आले किसून अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळायचे, गाळायचे, अर्धा किलो साखर विरघळवायची, निवल्यावर चार-पाच लिंबे पिळायची. ग्लासात तीन चमचे पाक आणि वर सोडा. सात प्रकारच्या बिअर करून झाल्यावर मी जिथे पोहोचलो, ती गोष्ट कुठल्याही रसवंतीवाल्याला ठाऊक होती. पण पहिल्या रविवारी हिने ग्लास संपवला आणि पुन्हा पुढे केला. वहीत तोवर असे कधी झाले नव्हते.

मी प्रेमापोटीच करत होतो, यात खोटे काही नाही. पण आपल्याला जे करायला आवडते ते दुसऱ्यासाठी करणे, आणि दुसऱ्याला काय हवे ते विचारणे, ही दोन वेगळी कामे आहेत. कारखान्यात पाच वेळा ‘का’ विचारताना संकोच वाटत नाही, कारण यंत्राचे उत्तर आपल्यावर उलटत नाही. घरातले उत्तर उलटू शकते. बहुधा म्हणूनच आपण चवीबद्दल विचारतो.

जर्मनीची ती वही अजून चालू आहे. अभिप्रायाचा रकाना आता ही स्वतः भरते. गेल्या रविवारी लिहिले आहे : ‘आले जास्त झाले. पुढच्या वेळी कोकम घालून पाहू.’