छावणीची राजधानी कशी होते?

कल्पित राज्ये रंगविणाऱ्या लेखकांना दर्यावर्दी लुटारूंनी वसविलेली राजधानी फार आवडते. परंतु अशा नगरीसाठी कल्पनेला शिणवावयाचे कारण नाही. आयर्लंडची राजधानी डब्लिन ही याच जातीची आहे. आणि स्वारांच्या छावणीतून निघालेली एक राजधानी आम्हां चलथाणकरांच्या लोहमार्गावरच आहे. तिचे नाव सोनगढ.

आधी डब्लिन पाहू. नॉर्वे-डेन्मार्ककडून लांबट, उथळ नौकांतून येऊन किनारे लुटणाऱ्यांना व्हायकिंग म्हणतात. त्यांनी ८४१ साली लिफी नदीच्या काठी नौकांसाठी तटबंद तळ उभारला. तेथे एक उपनदी येऊन मिळते. तिच्या डोहाला स्थानिक भाषेत 'काळा डोह' म्हणत. डब्लिन हे नाव त्याचेच. ९०२ साली आयरिश राजांनी या लोकांना हुसकले. ९१७ साली ते परत आले. मात्र या खेपेस ते केवळ लुटीवर राहिले नाहीत. बाजार भरू लागला, कारागिरांच्या वाड्या वसल्या. ९९७ च्या सुमारास राजा सिट्रिकने आयर्लंडातील पहिली चांदीची नाणी पाडली. त्याच राजाने पुढे ख्राइस्ट चर्च या मंदिराचा पाया घातला. या बाजारात गुलामही विकले जात, हे विसरता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. सुरतेहून भुसावळकडे निघाले, की चलथाण, बारडोली, व्यारा मागे टाकून गाडी उकाई-सोनगढला पोहोचते. खानदेशातून सुरतेकडे उतरणाऱ्या वाटेवर, डांगच्या अरण्याच्या तोंडाशी हा डोंगरी किल्ला आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पदरी दमाजी गायकवाड होते. १७२० च्या बाळापूरच्या लढाईतील पराक्रमाबद्दल त्यांना 'समशेर बहादूर' हा किताब मिळाला. त्यांचे पुतणे पिलाजी यांनी १७१९ च्या सुमारास हे ठाणे भिल्लांकडून घेतले. सुरतेभोवतालच्या मुलखाला तेव्हा 'सुरत अठ्ठाविशी' म्हणत. त्यातून चौथाई वसूल करून पुन्हा रानात शिरावयाचे, तर सोनगढाइतके सोयीचे ठिकाण दुसरे नव्हते. गायकवाडांच्या दौलतीची पहिली राजधानी ती हीच.

पण जे ठिकाण लपण्यास चांगले, ते राज्य करण्यास चांगले असतेच असे नाही. १७३२ साली डाकोर येथे पिलाजींची हत्या झाली. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. पानिपतानंतर पिलाजींचे पुत्र दुसरे दमाजी यांनी राजधानी पाटणला नेली. त्यांच्या पश्चात बडोदे हीच राजधानी ठरली. सपाट, पिकाऊ मुलूख, पेढ्या, बाजारपेठ, चोहोकडच्या वाटा हे सारे तेथे होते. पुढे सयाजीराव महाराजांनी तेथे ग्रंथालये उभारली आणि संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. चौथाईच्या छावणीपासून शाळेपर्यंतचा हा प्रवास पावणेदोनशे वर्षांचा आहे.

यावरून छावणी आणि राजधानी यांतील भेद कळतो. छावणीस मुलखाकडून घ्यावयाचे तेवढे ठाऊक असते. राजधानीस घेतल्याचा मोबदला द्यावा लागतो. न्याय, नाणे, रस्ता, विद्या हा तो मोबदला. डब्लिनने हा पालट एकाच जागी साधला. गायकवाडांनी जागा बदलून साधला.

जागा बदलली, की जुनी जागा विस्मरणात जाते. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली हा भाग गुजरातेत आला आणि २००७ पासून सोनगढ तापी जिल्ह्यात मोडते. सुरतेच्या परिसरातील मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ची शिवाजी महाराजांची सुरत तोंडपाठ असते. सोनगढ मात्र खिडकीतून दिसते तेवढेच.

डब्लिनमध्ये १९७० नंतरच्या दशकात वुड क्वे या भागात व्हायकिंगांची घरे जमिनीखाली सापडली. तेथे नगरपालिकेच्या कचेऱ्या होणार म्हणून १९७८ साली हजारो नागरिक मोर्चाने निघाले. कचेऱ्या झाल्याच, पण आपल्या नगरीचा पाया लुटारूंनी घातला, हे मान्य करूनही तो जपण्यासाठी लोक रस्त्यावर आले.

सोनगढाचाही इतिहास असाच सबंध सांगितला पाहिजे. त्यात पिलाजींचे साहस यावे, चौथाई भरणारा रयत यावा आणि ज्यांच्या हातून तो गड गेला, ते भिल्लही यावेत. त्या रानपट्टीत आजही भिल्ल, गामीत, चौधरी यांची वस्ती आहे. शिक्षकांनी मुलांना एकवार त्या गडावर न्यावे आणि विजयाची तारीख सांगून झाल्यावर एवढेच विचारावे: हा गड त्याआधी कोणाचा होता?