सवंगड्यांनी काढलेला अनुबोधपट

खेड्यातील शाळेत पाचवी ते सातवीच्या वर्गांत शिकणारी मुले आज चित्रीकरणापासून दूर राहिलेली नाहीत. घरात एक तरी मोबाइल असतो आणि पोळ्याची मिरवणूक, कबड्डीचा सामना, शेळीचे नुकतेच जन्मलेले पिलू असे काही ना काही त्यात टिपलेले असते. या चित्रणात कौतुक करण्यासारखे पुष्कळ असले, तरी ते अर्ध्या मिनिटात संपते. त्याला आगापिछा नसतो आणि पाहणाऱ्यास त्यातून नवे काही कळत नाही. चार सवंगडी मिळून एखाद्या विषयाचा पाठपुरावा करतात, माणसांना भेटतात, विचारतात, ऐकलेले पडताळतात आणि मग पाच-दहा मिनिटांत तो विषय परक्यालाही समजेल असा मांडतात, तेव्हा त्या चित्रणास अनुबोधपट म्हणावयाचे. हल्ली माहितीपट हा शब्द अधिक रूढ झाला आहे. तथापि केवळ माहिती पुरविणे एवढेच या प्रकाराचे काम नसल्यामुळे जुना शब्दच अधिक अन्वर्थक वाटतो.

शेगाव तालुक्यातील शिक्षकांना कॅमेऱ्याचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांतील लोकांचे केस अकस्मात गळू लागले आणि काही दिवसांतच कित्येकांच्या डोक्यास टक्कल पडले. त्यांत लहान मुलेही होती. आरोग्य विभागाची पथके आली, पाण्याचे नमुने घेतले गेले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे तज्ज्ञ येऊन गेले. आणि कॅमेरेही आले. केस गेलेली डोकी देशभर दिसली. आरंभी बोट दाखविले गेले ते पाण्याकडे. पुढे फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमच्या अधिक प्रमाणाकडे लक्ष वेधले. दरम्यान मुले लाजेने घराबाहेर पडेनाशी झाल्याचे, जुळलेली लग्ने मोडल्याचे वृत्तपत्रांतून येत होते. ज्यांची चित्रे दाखविली गेली, त्यांना आपले चित्र कोठे जाणार व त्याखाली काय लिहिले जाणार, याची पुरेशी कल्पना असेलच असे नाही.

याच गावांतील चार मुलांनी तोच विषय घेतला असता तर तो कसा मांडला गेला असता, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःशी विचारून पाहण्यासारखा आहे. त्यांना निघून जाण्याची घाई नव्हती. डोक्यावर रुमाल बांधून वर्गात बसलेला मुलगा त्यांना नावानिशी ठाऊक होता. केस पुन्हा येऊ लागले तो दिवसही त्यांना दिसला असता; आणि बातमीत सहसा न येणारा भाग तोच असतो.

चित्रपट म्हटला की मोठे भांडवल लागते, असा समज अद्याप पुष्कळांच्या मनात आहे. भारतीय चित्रपटाचा आरंभच या समजाला छेद देणारा आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून परतले, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांच्याजवळ पैसा नव्हता. त्यांनी एका कुंडीत मटार पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चित्र घेत अंकुराची वाढ टिपली. दाण्यातून वेल वर येताना एका मिनिटात पाहून लोक चकित झाले आणि भांडवल उभे राहण्याचा मार्ग मोकळा झाला. हा प्रयोग कोणत्याही प्राथमिक शाळेत करता येतो. मुगाचा दाणा ओल्या मातीत पेरावा, मोबाइल एकाच जागी ठेवता येईल असा विटांचा ओटा रचावा आणि दिवसातून आठ छायाचित्रे नेमल्या वेळी घ्यावीत. तीस दिवसांत २४० छायाचित्रे होतात. सेकंदास २४ या गतीने दाखविली असता दहा सेकंदांचा चित्रपट होतो. दहा सेकंदांसाठी महिनाभर राबावे लागते, हे मुलांना येथे प्रत्यक्ष कळते. रविवारी कुंडीस पाणी कोणी घालावयाचे यावरून होणारे तंटेही शिक्षणाचाच भाग समजावेत.

यानंतर विषयाची निवड. शेगावातील मुलांस विषय सांगा म्हटले की ती श्रीगजाननमहाराजांचे मंदिर अथवा स्थानकावरील कचोरी सांगतात. दोन्ही विषय चांगले आहेत. परंतु बाहेरचा मनुष्य जे पाहतो तेच पुन्हा दाखविण्याचा धोका त्यांत असतो. पालखी पंढरपूरहून परतताना शेवटच्या टप्प्यात खामगावहून शेगावी येते व त्या वाटेवर असंख्य माणसे पायी चालतात. हे दृश्य सर्वांनी टिपलेले आहे. त्या वाटेवर पहाटे चहा उकळणारे घर, चालून फुटलेल्या पायांना तेल लावणारी माणसे, दुसऱ्या दिवशी रस्ता झाडणारे हात हे मात्र त्या वाटेवरील गावच्या मुलालाच दिसू शकते.

पाण्याचा विषय तर दाराशीच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला असून शेगाव तालुक्याचा भागही त्यात येतो. येथील विहिरींचे पाणी खारे. पिण्यास ते चालत नाही आणि शेतीसही पुरते उपयोगी पडत नाही. आपल्या घरातील माठात येणारे पाणी कोठून निघते, कोणाच्या हातांतून येते, आजीच्या लहानपणी ते कोठून आणीत, गावच्या विहिरीचे आता काय होते, एवढेच चार प्रश्न घेऊन मुले निघाली तर महिनाभराचे काम होईल. भूगोल व परिसर अभ्यास यांची कित्येक पाने त्यात आपोआप येतात. येथे एक पथ्य पाळावयास हवे. गावात कोणास आजार झाला असेल व तो पाण्यामुळेच झाला असे कोणी सांगितले, तर ‘असे अमुक म्हणतात’ एवढेच चित्रपटात यावे. कारण ठरविणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. वरील घटनेत मोठ्यांनाही ते लगेच ठरविता आले नाही.

चमू चार किंवा पाच मुलांचा असावा. एकाने कॅमेरा धरावा, एकाने आवाजाकडे लक्ष द्यावे, एकाने प्रश्न विचारावेत, एकाने वहीत नोंदी कराव्यात. आणि ही कामे दर खेपेस बदलावीत. वर्गातील धीट मुलाच्या हाती कॅमेरा व मुलींच्या हाती वही, अशी वाटणी नकळत होऊन बसते. ती शिक्षकाने मोडावी. सवंगड्यांच्या बळावर काय होऊ शकते हे पाहावयाचे असेल, तर नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण आहे. यंत्रमागांच्या त्या शहरात शेख नासिर यांनी मित्रांना घेऊन २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट काढला. चालत्या कॅमेऱ्यासाठी सायकल व उंचीवरील दृश्यासाठी बैलगाडी, अशा त्यांच्या युक्त्या होत्या. त्यांचे चित्रपट अनुबोधपट नव्हेत. परंतु त्यांच्या या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा अनुबोधपट केला आणि तो देशोदेशीच्या महोत्सवांत गाजला.

पहिल्या भेटीस कॅमेरा नेऊ नये. माणूस काय काम करतो हे मुलांनी बसून पाहावे, जमल्यास हात लावावा, मग दुसऱ्या भेटीत परवानगी विचारावी. ‘काका, तुमचे चित्र शाळेत दाखवू का? आणि शाळेबाहेर दाखविले तर चालेल का?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत व ते निरनिराळेच विचारावयास हवेत. ‘नाही’ असे उत्तर आले तर नमस्कार करून परतावे. होकार मिळाल्यास दोन ओळींचे संमतिपत्र घ्यावे. लिहिता न येणाऱ्यास ते वाचून दाखवावे. चित्रपटात दिसणाऱ्या मुलांच्या पालकांची लेखी संमती अवश्य घ्यावी. आजारी माणूस, कर्जात बुडालेले कुटुंब, घरातील भांडण असे चित्रण संमती असली तरी दहा वेळा विचार करून ठेवावे. चित्रपट पुरा झाल्यावर तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना सर्वांआधी दाखवावा आणि ‘हे काढा’ असे त्यांनी म्हटल्यास काढावे. चांगले दृश्य गेल्याने मुले हिरमुसतात. परंतु वर्षानुवर्षे त्याच गावात राहावयाचे असते.

चित्रीकरणाविषयी थोडक्यात. मोबाइल आडवा धरावा, कोपर पोटाशी टेकवावे आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत हलवू नये. बोलणाऱ्याच्या पाठीमागे उजेड नसावा. पडवीच्या कडेला, सावलीत, तोंड उजेडाकडे करून बसविल्यास चेहरा स्वच्छ येतो. अनुभव असा की, चित्रापेक्षा आवाजानेच नवख्यांचे चित्रपट फसतात. बोलणाऱ्यापासून दोन हातांवर दुसरा मोबाइल ठेवून त्यात आवाज वेगळा घ्यावा, पंखा बंद करावा. प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता तेथील आवाज टिपावा, म्हणजे रहाटाची करकर, चक्कीची घरघर, दुरून जाणारी आगगाडी. पुढे दृश्ये जोडताना हाच आवाज सांधा म्हणून उपयोगी पडतो. सिनेमातील गाणी मागे लावू नयेत. ती दुसऱ्याच्या मालकीची असतात व महोत्सवात त्या एका कारणाने चित्रपट नाकारला जाऊ शकतो. आजीने जात्यावर म्हटलेली ओवी तिच्या संमतीने घेतली तर तिला तोड नाही.

महोत्सवांची माहिती शिक्षकास असावी. अनुबोधपट व लघुपट यांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० मध्ये सुरू झाला व तो दर दोन वर्षांनी भरतो; पूर्वी त्याची जबाबदारी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनकडे होती, २०२२ पासून ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. केरळात तिरुवनंतपुरम येथेही या प्रकारच्या चित्रपटांचा महोत्सव होतो. किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव पर्यावरणविषयक चित्रपटांसाठी आहे. शाळेच्या दृष्टीने सर्वांत जवळचा म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या केंद्रीय शैक्षणिक प्रौद्योगिकी संस्थेचा बालकांसाठीचा ध्वनिचित्र महोत्सव. प्रवेशाचे नियम प्रत्येकाचे निराळे असतात. चित्रपटाची लांबी, तो पुरा झाल्याचे वर्ष, पूर्वी कोठे दाखविला आहे काय, इंग्रजी उपशीर्षके हवीत काय, हे अर्जाआधीच वाचावे. उपशीर्षके लिहिणे हा भाषांतराचा उत्तम पाठ आहे. ‘खारं पाणी’ला इंग्रजीत काय म्हणावे यावर सातवीचा वर्ग तासभर वाद घालू शकतो. मात्र दर महिन्यास भरणारे, भरमसाट शुल्क घेऊन जवळजवळ प्रत्येकास पारितोषिकाचे चिन्ह देणारे महोत्सवही आता इंटरनेटवर पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या नादी लागून पालकांचा पैसा घालवू नये.

आणि चित्रपट मुलांचाच असावा. शिक्षकाने स्वतः जोडलेला, शहरातील जाणकाराकडून सजवून आणलेला चित्रपट परीक्षकांस ओळखू येतो. मुलांना तर तो आधीच ओळखू आलेला असतो.

शर्ली अब्राहम व अमित मधेशिया या दोघांनी महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणाऱ्या तंबू-सिनेमांचा अनेक वर्षे पाठलाग करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा अनुबोधपट केला आणि २०१६ मध्ये कान येथे त्याचा विशेष गौरव झाला. प्रक्षेपकाचे बिघडलेले यंत्र, ते दुरुस्त करणारा कारागीर, तंबूबाहेर ताटकळलेली गर्दी असा त्याचा विषय आहे. जुन्या पिढीतील शिक्षकांनी असे तंबू पाहिलेले आहेत. शाळेचा पहिला चित्रपटही त्याच रीतीने दाखविता येतो. दिवेलागणीनंतर पटांगणात धुतलेली पांढरी चादर ताणून बांधावी, ग्रामपंचायतीचा किंवा शेजारच्या शाळेचा प्रक्षेपक मागून आणावा, ज्यांचे चित्रण केले त्यांना पुढे सतरंजीवर बसवावे. महोत्सवाचा अर्ज दुसऱ्या दिवशी भरावा. चित्रपटाच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवून त्यांवर गावाचे नाव, वर्ष व मुलांची नावे लिहावीत, आणि संमतिपत्रे शाळेच्या दप्तरात जपून ठेवावीत.