मशीन दारात आली, पोचवर सही करण्याआधी



या हंगामात आपल्या प्रभागसंघातले बरेच गट मशीन घेताहेत. कुणी मिरची-हळद दळायला पल्व्हरायझर घेतंय, कुणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल. कोटेशन कसं मागवायचं, ठराव कसा लिहायचा, बँकेत कोणते कागद न्यायचे, यावर बैठकांमध्ये भरपूर बोलून झालं. गाडी दारात उभी राहते, त्या पहिल्या तासाबद्दल मात्र आपण फारसं बोललो नाही. आणि पैसा अडकतो तो बऱ्याचदा त्याच तासात.

बाजारात दीड-दोनशे रुपयांचा माठ घेताना आपण तो चारदा वाजवून बघतो. मग लाखाची मशीन पेटीही न उघडता का ताब्यात घेतो? कारण गाडी नेमकी संध्याकाळी येते, लाइट गेलेली असते, ड्रायव्हर म्हणतो, "ताई, लवकर सही करा, मला पुढे जायचंय." गावातली चार माणसं मदतीला म्हणून येतात आणि तीच सगळं ठरवायला लागतात. वर आपणच म्हणतो, "मशीनमधलं आम्हाला काय कळतंय?" खरं सांगू का, या तपासणीतल्या निम्म्या गोष्टींना मशीनचं ज्ञान लागतच नाही. मोजता आलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे आणि हातात टॉर्च पाहिजे.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान आहे. म्हणजे १ लाखाच्या मशीनमागे ३५ हजार. उरलेले ६५ हजार कर्ज आणि गटाचा हिस्सा. मशीन फुटकी निघाली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

गाडी येणार असं कळलं की अध्यक्ष, सचिव आणि अजून दोघी तरी हजर राहा. मंजूर कोटेशन आणि ऑर्डरची प्रत सोबत ठेवा. एकीने कागद वाचायचे, एकीने नग मोजायचे, एकीने मोबाइलवर फोटो काढायचे. माल उतरवायच्या आधी, गाडीवर असतानाच पहिला फोटो काढा. हे महत्त्वाचं आहे. कारण पुढे वाद झाला तर वाहतूकवाला म्हणतो, "उतरवताना तुमच्याच माणसांनी पाडलं." पेटीचे चारही कोपरे, दबलेली किंवा ओली झालेली जागा, तुटलेली पट्टी, पेटीवरचं नाव-पत्ता, सगळं फोटोत येऊ द्या.

मग बिल्टी हातात घ्या. बिल्टीवर "नग" किती लिहिलेत ते बघा आणि तेवढे मोजून घ्या. माझ्या भागातल्या एका गटाच्या बिल्टीवर ४ नग होते: मशीन, मोटर, स्टॅंड आणि एक छोटी पेटी. छोटी पेटी आलीच नव्हती. त्यात जाळ्या, बेल्ट आणि स्टार्टर होता. "ती मागच्या गाडीने येईल" असं ड्रायव्हर म्हणाला आणि तायांनी सही केली. पुढे पुरवठादार म्हणाला, पोचवर ४ नग मिळाल्याची तुमची सही आहे. शेवटी गटाने ते सामान स्वतःच्या पैशाने आणलं. बिल्टीवर "३ नग मिळाले, १ नग आला नाही" एवढी एक ओळ असती, तर बोलायला जागा राहिली असती.

सही करू नका असं मी म्हणत नाहीये. सही करा, पण जे दिसलं ते सहीच्या वर लिहून करा. पेटीला मार दिसला तर "डावा कोपरा दबलेला" असं लिहा. ड्रायव्हर पेटी उघडेपर्यंत थांबत नसेल तर "पेटी न उघडता घेतली, आतला माल तपासणे बाकी" असं लिहा. तारीख, वेळ आणि गाडी नंबर टाका. त्याच्या प्रतीवरही लिहा आणि आपल्या प्रतीवरही. त्याच्या प्रतीचा फोटो काढून ठेवा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या. त्याच्याशी भांडायचं काही कारण नाही, तो पगारी माणूस आहे. त्याला चहा द्या आणि आपलं काम करा.

काही वेळा माल तालुक्याच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनपर्यंतच येतो आणि पुढे आपण टेम्पो करतो. अशा वेळी ही सगळी बघाबघ गोडाऊनमध्येच करायची. आपल्या टेम्पोत चढवल्यानंतर काय फुटलं, कुठे फुटलं, हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

उतरवताना मशीनला हॉपर, पुली किंवा मोटरच्या पंख्याच्या झाकणाला धरून उचलू देऊ नका. बिडाचा भाग वाकत नाही, सरळ तडकतो. जाड फळ्या लावून, खाली जुना टायर टाकून हळू उतरवा.

पेटी शक्यतो त्याच दिवशी उघडा, आणि उघडताना सलग व्हिडिओ घ्या. आधी पेटीवरचं लेबल, मग उघडणं, मग आतला माल, मध्ये बंद न करता. खोका, थर्माकोल, फळ्या लगेच चुलीत घालू नका. मशीन परत पाठवायची वेळ आली तर तेच लागतं.

आता आतलं. पाय, बेस आणि बेअरिंगच्या जागा टॉर्च मारून बघा. बारीक तडा रंगाखाली लपतो, म्हणून बोट फिरवून बघा. दाल मिल असेल तर एमरी रोलरच्या कडा उडाल्यात का, तडा आहे का ते नीट बघा. कारण डाळीचं सालटं काढायचं काम तोच करतो. लाइट जोडण्याआधी पुली हाताने फिरवा. ती सहज फिरली पाहिजे. कुठे घासत असेल, अडकत असेल तर मशीन चालू करायचीच नाही.

मोटरवरची पत्र्याची पाटी हा सगळ्यात जास्त फसगतीचा भाग. आपण कोटेशनमध्ये ३ एचपी वाचलेलं असतं आणि पाटीवर २.२ केडब्ल्यू दिसतं. घाबरू नका, ते एकच आहे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पाऊण किलोवॅट. पण ३ एचपी मागवून पाटीवर १.५ केडब्ल्यू असेल, तर ती २ एचपीची मोटर आहे. फेजही बघा. सिंगल फेजच्या पाटीवर २२०-२४० च्या आसपास व्होल्ट असतात, थ्री फेजच्या पाटीवर ४१५ किंवा त्याच्या जवळपास. तुमच्या शेडला सिंगल फेजचं कनेक्शन असेल आणि मोटर थ्री फेज आली, तर मशीन नुसती शोभेला. पाटीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतो का ते बघून वहीत लिहा. बँकेचे साहेब पाहणीला आले की पहिल्यांदा तोच बघतात, आणि वॉरंटीही त्याच नंबरवर असते.

जाळ्या किती, कोणत्या मापाच्या, बेल्ट, बेल्टवरचं संरक्षक झाकण, फाउंडेशन बोल्ट, स्टार्टर, पाने, माहितीपुस्तक, वॉरंटी कार्ड हे सगळं ऑर्डरसमोर धरून एकेक खूण करा. बेल्टचं झाकण नसेल तर "नंतर देतो" ऐकू नका. आपल्या ओढण्या आणि पदर आहेत. बिलाची खरेदीदारासाठीची मूळ प्रत आपल्याकडेच राहिली पाहिजे. तीन प्रती निघतात, त्यातली दुसरी वाहतूकदाराची आणि तिसरी विकणाऱ्याची असते.

काही चुकलेलं निघालं तर त्याच दिवशी फोन करा, पण फोनवर थांबू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो आणि गटाच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. पत्र स्पीड पोस्टाने टाका आणि पावती जपा. एक प्रत बँकेला द्या. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे खरेदीदाराला माल तपासायची वाजवी संधी मिळाली पाहिजे. पण वाजवी मुदतीत नाकारलं नाही आणि माल तसाच ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. नुकसान वाहतुकीत झालं असेल तर वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. नाहीतर त्याच्यावर दावा लावता येत नाही. हे २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यात आहे. तारीख बुकिंगची धरायची, माल मिळाल्याची नाही. पुरवठादार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते.

जमलं तर ऑर्डर देतानाच लिहून घ्या, की शेवटचे काही पैसे मशीन आपल्या धान्यावर चालवून दाखवल्यानंतर मिळतील. बँक सगळी रक्कम थेट पुरवठादाराला देणार असेल, तर शाखेत आधीच बोला. चाचणीच्या दिवशी आपली तूर, आपली मिरची घ्या, त्याने आणलेली नको. थोडा वेळ नाही, निदान तासभर चालवा आणि बेअरिंग किती तापतं ते बघा. चाचणीच्या कागदावर सही त्यानंतरच करा. त्या दिवशीच्या बैठकीच्या इतिवृत्तात सगळं लिहा: कोण हजर होतं, काय आलं, काय आलं नाही.