मुलाचा हक्क कागदावर आणताना

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दाखल्याच्या त्या दिवसांत दरवर्षी एखाद-दुसरे पालक आमच्यापाशी येऊन हळू आवाजात सांगतात, "बच्चा जरा देर से बोलता है, बस." कुणी म्हणतात, "चलने में थोड़ी तकलीफ है." कागदपत्रे काही आहेत का असे विचारले, तर उत्तर बहुधा नाही असेच येते. मूल सहा-सात वर्षांचे झालेले असते. वर्ध्याचे, नागपूरचे दवाखाने झालेले असतात, दुआ-तावीज झालेले असतात, उसनवारीही झालेली असते. पण सरकारदरबारी त्या मुलाच्या अपंगत्वाची नोंदच नसते. नोंद नाही म्हणून दरमहा मदत नाही, प्रवासात सवलत नाही, परीक्षेत जादा वेळ नाही.

ज्या घरात हा प्रवास नुकताच सुरू होत आहे, त्या घरासाठी हे चार शब्द आहेत.

हक्क आणि खैरात

कागद न काढण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा घरातच सापडते. मुलाच्या नावावर अपंगत्वाचा दाखला निघाला, की त्याच्या बहिणींच्या रिश्त्यांत अडचण येईल, ही भीती. दुसरे कारण स्वाभिमानाचे असते. 'आम्ही हात पसरणारे नाही,' असे गॅरेजवर किंवा जिनिंगमध्ये राबणारा बाप सांगतो. हा स्वाभिमान आम्हाला आदराचाच वाटतो; पण येथे तो चुकीच्या जागी वापरला जातो. जकात आणि सदका देणाऱ्याच्या जबाबदारीवर चालतात. सरकारी मदत मात्र कायद्याने ठरलेली आहे आणि ती नागरिकाचा हक्क आहे. ती घेतल्याने कुणाची मान खाली जात नाही.

लपवण्याबद्दल तर आपल्याकडे उलटीच शिकवण आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. ते मदीनेत अजान देत आणि हुजूर (सल्ल.) मदीनेबाहेर जाताना त्यांच्याकडे शहराची जबाबदारीही सोपवत. त्यांना कुणी घराच्या मागच्या खोलीत ठेवले नव्हते.

आपल्या जिल्ह्यालाही हा विषय नवा नाही. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत. ती एकेका माणसाची सेवा होती. आज त्याच बरे झालेल्या कुष्ठरुग्णाचे नाव कायद्यात आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. त्यात स्वमग्नता आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता आहे, मानसिक आजार आहे आणि विदर्भात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेलही आहे. डोळ्यांना दिसते तेच अपंगत्व, हा समज सोडून द्यायला हवा.

पहिली पायरी : युडीआयडी

सगळ्या योजनांची किल्ली एकच आहे. ती म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे युडीआयडी कार्ड, ज्याला आपण वैश्विक ओळखपत्र म्हणतो. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो. त्यासाठी सरकार काही फी घेत नाही. घरी जमत नसेल तर सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून भरता येतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे जुने कागद सोबत ठेवावेत. अर्जात रुग्णालय निवडावे लागते. तपासणी तेथे होते. नव्या नियमांनुसार अर्जानंतर ३ महिन्यांच्या आत प्रमाणपत्र मिळायला हवे.

आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरहून वर्ध्याला यायचे म्हणजे घरातल्या एका माणसाची मजुरी बुडते. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या प्रकारची तपासणी कोणत्या दिवशी होते, हे फोनवर किंवा आशाताईंमार्फत विचारून घ्यावे. कानाची, डोळ्यांची, हाडांची आणि बुद्धिमत्तेची तपासणी करणारे डॉक्टर वेगवेगळे असतात. रोज सगळे एकत्र भेटतीलच असे नाही.

प्रमाणपत्रावर टक्केवारी लिहिलेली असते. ४० टक्के ही महत्त्वाची रेषा आहे. बहुतेक योजना तेथूनच सुरू होतात. कार्डाचा रंगही त्यावरून ठरतो : ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ७९ टक्क्यांपर्यंत पिवळा आणि ८० टक्के व त्यापुढे निळा. प्रमाणपत्र कायमचे आहे की ठराविक मुदतीचे, हे घरी येण्याआधीच वाचून घ्यावे. मुदतीचे असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मुदत संपली की चालू असलेली मदतही अडकू शकते.

नावांचा घोळ

आपल्या समाजात सर्वाधिक अर्ज कशावर अडतात, तर नावावर. आधारवर 'शेख' आधी, शाळेच्या दाखल्यावर 'शेख' शेवटी. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहम्मदचे 'मो.'. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत नाव उतरवताना रहीमचा राहीम होतो, आयेशाची आईशा होते. आईचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे. माणसाला हे एकच नाव वाटते. संगणकाला ती दोन माणसे वाटतात. आमच्या ओळखीच्या एका आईला केवळ एका अक्षरासाठी तीनदा परत यावे लागले. प्रत्येक फेरीत मुलाला कडेवर घेऊन दोन बस बदलायच्या होत्या.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे. जे चुकले असेल ते आधी दुरुस्त करावे. मगच युडीआयडीचा अर्ज भरावा, कारण पुढचे सगळे कागद त्यावरून तयार होतात.

दरमहा मदत

आपल्या राज्यात यासाठी मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांना त्यातून दरमहा १,५०० रुपये मिळत होते. २०२५ मध्ये राज्य सरकारने ते २,५०० रुपये केले. अर्जदार ६५ वर्षांखालील आणि किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहणारा असावा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला जेमतेम चार हजार. रोजमजुरी करणारी अनेक घरे याच रेषेच्या आसपास असतात. त्यामुळे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हा यातला नाजूक कागद आहे. तो खऱ्या माहितीवरच काढावा. खोटा दाखला पुढे पडताळणीत उघड झाला, तर हक्काची मदतही हातची जाते.

अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रातून द्यायचा. पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नये. मंजुरीनंतर पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. घरात एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात आणि आधार कोणत्या खात्याला जोडले आहे हे कुणाला ठाऊक नसते. पैसे एका खात्यात पडतात आणि घरचे दुसऱ्याचे पासबुक घेऊन फिरतात. बँकेत जाऊन हे एकदा विचारून घ्यावे. शिवाय वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

याखेरीज ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत याबद्दल विचारायचा अधिकार प्रत्येकाला आहे. आपल्या वस्तीतून हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, हे आम्ही पाहत आलो आहोत.

शाळा, एसटी आणि दवाखाना

कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कोणतीही शाळा 'हे मूल आमच्याकडे नको' असे म्हणू शकत नाही. समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षक असतात. शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलासाठी घरी शिकवण्याची सोय आहे. दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये याप्रमाणे १० महिने प्रोत्साहन भत्ता मिळतो. बोर्डाच्या परीक्षेत दर तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक मिळतो. मात्र ही मागणी नववी-दहावीच्या सुरुवातीलाच शाळेकडे नोंदवावी. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

एसटीत ४० टक्क्यांपुढील दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्के किंवा अधिक असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे पडते. महिन्यातून चार वेळा थेरपीला जाणाऱ्या घरासाठी ही मोठी बचत आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये असून थेरपीचा खर्चही तिच्यात धरला जातो. बाळ लहान असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आवर्जून दाखवावे. ऐकू न येणाऱ्या बाळाच्या बाबतीत तर एकेक महिना मोलाचा असतो. 'बाप भी देर से बोला था' म्हणत थांबू नये.

अठरा वर्षांनंतर

मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते आणि आई-वडिलांची सही त्याच्या वतीने आपोआप चालत नाही. वरच्या चार प्रकारांतील मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. आपल्यानंतर या मुलाचे कोण, हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो. पालकत्वाचा कागद, वारसाहक्कातला त्याचा हिस्सा आणि भावंडांशी मोकळेपणी बोलणे, या तीन गोष्टी आपल्या हयातीतच करून ठेवाव्यात.

नकार आला तर

टक्केवारी कमी लागली किंवा प्रमाणपत्र नाकारले, तर कायद्यात अपिलाची तरतूद आहे. नकार लेखी मागावा. तोंडी 'नहीं होगा' ऐकून परतू नये. अर्ज महिनोन्महिने पडून असेल, तर १० रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने त्याचे काय झाले ते कळते. तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही करता येते. हजार-दोन हजारांत कार्ड काढून देतो म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

हे सगळे एका घराने एकट्याने करावे, अशी अपेक्षा रास्त नाही. जुम्याच्या नमाजेनंतर मशिदीत घोषणा होतात, त्यांत एक घोषणा याचीही होऊ शकते. मोहल्ल्यातली संगणक जाणणारी दोन मुले-मुली महिन्यातून एक रविवार बसली, तर वर्षभरात वस्तीतील बहुतेक अर्ज भरून होतील. शिकलेल्या शेजाऱ्याने सोबत चार तास रांगेत उभे राहणे, हेही त्या आईसाठी पैशापेक्षा मोठे असते. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे : घरातले त्याचे सारे कागद एका पिशवीत गोळा करावेत, त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढाव्यात आणि नावे जुळवून पाहावीत. काही अडले तर मुलाच्या शाळेत येऊन शिक्षकांना विचारावे. आम्ही त्यासाठीच बसलेलो असतो.