मालमत्ता दलालाची नोंदणी : व्यवसायाला शिस्त, ग्राहकाला आधार

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा पार्थसारथी मंदिराभोवतीचा जुना, दाट वस्तीचा भाग. अशा ठिकाणी घर शोधणारा बहुधा प्रथम दलाल गाठतो. दलालाची विश्वासार्हता पूर्वी केवळ ओळखीवर तोलली जाई. आता तिला कायद्याची चौकट लाभली आहे.

नोंदणी कोणाला आवश्यक?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील कलम ९ हे १ मे २०१७ पासून अंमलात आले. त्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड, सदनिका वा इमारतीच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करण्यापूर्वी नोंदणी अनिवार्य आहे. तिरुवल्लिकेणीतील ‘मॅन्शन’मध्ये भाड्याची खोली मिळवून देणाऱ्यास हे कलम लागू नाही, मात्र त्यानेच नव्या गृहप्रकल्पातील सदनिका विकावयास घेतल्यास नोंदणी हवीच.

नोंदणीची पद्धत

अर्ज राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे, विहित शुल्क व कागदपत्रांसह करावा लागतो. व्यवसायाचा तपशील, छायाचित्र, पॅन आणि कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा ही त्यांतील प्रमुख होत. नोंदणी त्या राज्यापुरतीच असते. सबब पुण्यातील नोंदणीवर चेन्नईत व्यवसाय करता येत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक ठरविली.

जबाबदारी आणि दंड

दलालाने नोंदणी न केलेल्या प्रकल्पातील विक्रीस साह्य करू नये, हिशेब व दस्तऐवज जतन करावेत, दिशाभूल करणारी विधाने टाळावीत आणि नोंदणीच्या वेळी खरेदीदारास हक्काची सर्व माहिती मिळवून द्यावी. आपला नोंदणी क्रमांक प्रत्येक विक्रीत नमूद करणेही बंधनकारक आहे. नियमभंग झाल्यास प्रतिदिनी १०,००० रुपये दंड होतो. त्याची कमाल मर्यादा संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्के आहे. खोटी माहिती देऊन मिळविलेली नोंदणी रद्दही होते.

ग्राहकांनी काय पाहावे?

आयुष्यभराची बचत बयाण्यात गुंतविण्यापूर्वी दलालाचा व प्रकल्पाचा क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळावा. विक्री करार नोंदविण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही, हेही ध्यानी ठेवावे. दलालाची नोंदणी म्हणजे मालमत्तेच्या निर्वेध मालकीची हमी नव्हे. मालकी हक्काची कायदेशीर तपासणी स्वतंत्रपणे करून घेणेच हितावह.