जुन्या व्हॅनला इंजिन कोणते घालावे?

कापडाच्या धंद्यातला माणूस इंजिनावर लिहू लागला तर मिस्त्री लोक हसतील, हे आम्हाला ठाऊक आहे. पण गेल्या काही महिन्यांत इतवारा बाजारात सहा-सात व्यापारी बांधवांनी आम्हाला थांबवून एकच सवाल केला, "तुमच्या व्हॅनमध्ये शेवटी कोणतं इंजिन टाकलं?" प्रत्येकाला उभ्या उभ्या तीच हकीकत सांगण्यापेक्षा ती एकदा लिहून टाकलेली बरी. अमरावती-अकोल्यात मारुतीच्या जुन्या व्हॅनवर रोजी चालणारी घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे हा सवाल आज ना उद्या येणारच.

आमची व्हॅन १९९७ ची, एमएच-२७ पासिंगची. नवी घेतली तेव्हा वालिद हयात होते. तिने मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असे सारे बाजार केले. मागची सीट काढली की तागे आणि गाठोडी मिळून एका बाजारापुरता माल आरामात बसतो, आणि सरकत्या दारामुळे अरुंद गल्लीतही माल उतरवता येतो. मागील मे महिन्यात ऐन लग्नसराईत आम्ही अकोल्याला माल घेऊन निघालो होतो. रस्ता तोच, ज्याच्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना अशी ७५ किलोमीटरची एक पदर डांबरी १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. असा रस्ता मिळाला की पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे सीट नेहमीपेक्षा जास्त तापल्यासारखी वाटली. व्हॅनची सीट उन्हाळ्यात तापतेच, म्हणून दुर्लक्ष केले. पाच-सात मिनिटांत आवाज बदलला, गाडीने दोन झटके घेतले आणि इंजिन जाम. रेडिएटरचा पाइप फाटून पाणी केव्हाच वाहून गेले होते. काट्याकडे आम्ही पाहिलेच नव्हते. चूक सर्वस्वी आमची.

टेम्पो करून माल अकोल्याला पोचवला आणि व्हॅन ओढून अमरावतीला आणली. मिस्त्रींनी हेड उघडले. हेड वाकडे झालेले, एका सिलिंडरच्या भिंतीवर बोटाला लागतील असे ओरखडे, पिस्टन अडकलेला. घरात त्याच रात्री मतभेद सुरू झाले. मुलगा म्हणाला, "अब्बा, हिला आता विका आणि इको घ्या." धाकट्या भावाचे म्हणणे, मोठे इंजिन बसवा, घाटात तरी दम लागणार नाही. आमचे म्हणणे एवढेच होते की कर्ज काढून व्याज भरायचे नाही, आणि दुकानातले भांडवल गाडीत अडकवायचे नाही. या दोन अटींत बसेल तो उपाय शोधायचा होता.

आता इंजिन बदलण्याचा हा मामला समजून घेण्यासाठी जरा दूर जाऊ. व्हॅनचे इंजिन पुढच्या बॉनेटखाली नाही, मागेही नाही. ते पुढच्या सीटखाली, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आहे. जगात इंजिन मध्ये ठेवणाऱ्या गाड्या म्हटल्या की लोकांना शर्यतीच्या आणि शौकाच्या गाड्या आठवतात. आपल्या महाराष्ट्रातही २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात मुंबईच्या डीसी कंपनीने अवंती नावाची अशी गाडी मांडली होती. तिच्यात पुढे रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आले. म्हणजे कारागिरी इथली, इंजिन परक्याचे.

युरोपात १९६९ ते १९७६ या काळात पोर्शे ९१४ ही दोन माणसांची गाडी निघत असे. तिचे इंजिन सीटच्या लगेच मागे, बहुतेक गाड्यांत फोक्सवॅगनचे चार सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे. ही इंजिने थकल्यावर शौकिनांपुढे नेमका आपलाच सवाल उभा राहिला. कोणी जुनेच इंजिन बोअर करून घेतले. कोणी पोर्शेचेच सहा सिलिंडरचे शोधून आणले. कोणी अमेरिकेचे शेव्हरोले व्ही-८ घुसवले, तर कोणी जपानचे सुबारू. शेवटच्या दोघांची खरी परीक्षा इंजिन बसल्यानंतर सुरू झाली. मूळ गाडीला रेडिएटरच नव्हता. पाण्यावर थंड होणारे इंजिन आणले म्हणजे पुढे रेडिएटर बसवा, तिथपासून मागेपर्यंत पाइप न्या, हवा बाहेर काढण्याला वाट करा, त्यात सामान ठेवण्याची जागा गमवा. शिवाय व्ही-८ ची ताकद मूळ गिअरबॉक्सच्या औकातीबाहेरची. इंजिन स्वस्तात मिळाले आणि बाकीच्या सामानात माणूस बुडाला, असा तो हिशेब.

आमच्या मिस्त्रींनी पोर्शे कधी पाहिली नाही, पण त्यांनी भावाला हेच सांगितले. "मोठं इंजन मी बसवून देतो भाईजान, पण मंग गिअर, जाइंट, ब्रेक समदं मोठं करा लागते. तेवढ्यात तुमची दुसरी गाडी येते."

तरीही पर्याय एकेक तपासून पाहिले. व्हॅन १९८४ साली बाजारात आली, १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले आणि २०१९ मध्ये अपघात-सुरक्षेचे नवे नियम आल्यावर ती बंद झाली. पस्तीस वर्षे तिला मुळात तेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन होते, ६८.५ मिलिमीटरचा बोअर आणि ७२ चा स्ट्रोक. मारुती ८०० लाही याच घराण्यातले इंजिन. म्हणून बरेच जण समजतात की भंगारातल्या ८०० चे इंजिन उचलले आणि व्हॅनमध्ये टाकले की झाले. तसे होत नाही. ८०० मध्ये इंजिन आडवे आणि ताकद पुढच्या चाकांना. व्हॅनमध्ये ते उभे आणि ताकद जाइंटमधून मागच्या चाकांना. आतला माल, म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, यांत मेळ बसू शकतो. पण चेंबर, मॅनिफोल्ड, माउंटिंग, गिअरबॉक्सची जुळणी हे सारे वेगळे. "आहे तसे बसेल" असे म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे.

भावाच्या मनात जिप्सीचे इंजिन होते. जुन्या जिप्सीत ९७० सीसीचे चार सिलिंडरचे होते, ६५.५ चा बोअर, स्ट्रोक तोच ७२. कल्पना वेडगळ नाही, कारण सुझुकीने परदेशात याच धाटणीच्या व्हॅनला ९७० सीसीचे इंजिन दिलेले आहे. पण एक सिलिंडर जास्त म्हणजे लांबी जास्त, आणि सीटखालची पेटी काही आपल्या मर्जीने लांबत नाही. रेडिएटर तोच ठेवला तर वऱ्हाडच्या उन्हात पुन्हा तोच प्रकार. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट माल भरून चढला असेल त्याला आम्ही काय म्हणतो ते समजेल. व्हर्साचे १३०० सीसीचे आणि इकोचे १२०० सीसीचे इंजिन सीटखालीच बसणारे, ताकद आपल्या इंजिनाच्या दुप्पट. मात्र ती दोन्ही इंजेक्शनची. त्यांच्याबरोबर कॉम्प्युटर, सारी वायरिंग, पेट्रोलच्या टाकीतला पंप, सेन्सर हे सगळे आणावे लागते. एक जरी तार चुकली तर गाडी रस्त्यात उभी, आणि तिथे पाना घेऊन बसणारा मिस्त्री कामाचा नाही. शिवाय ब्रेक पस्तीस-चाळीस घोड्यांच्या हिशेबाचे आणि धाव सत्तर-ऐंशी घोड्यांची, हा सौदा आम्हाला पटला नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र कागदाची. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरबदलाविषयी आहे. नोंदणीच्या पुस्तकातला तपशील आणि कंपनीने दिलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. गॅसचे मान्यताप्राप्त किट लावण्याला कायद्यात वाट आहे. (घरगुती सिलिंडर मागे ठेवून नळी जोडणे ही ती वाट नव्हे, तो गुन्हा आहे आणि चालता बॉम्ब आहे.) त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन घालायचे तर आरटीओची परवानगी घ्यावी, बिल जोडावे आणि नवा इंजिन नंबर पुस्तकावर चढवून घ्यावा. नंबर चढवला नाही आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला कागद तोच मागते.

इथे आमची एक ठोकर सांगतो. सर्वांत सोपा उपाय म्हणून आम्ही ओम्नीचेच जुने इंजिन घ्यायचे ठरवले आणि एका मोठ्या शहरातील भंगार व्यापाऱ्याकडे गेलो. इंजिन चालू करून दाखवले, आवाज घड्याळासारखा. आम्ही पाच हजार बयाणा देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी इंजिनकडे पाहिलेही नाही, खिशातून खडू काढला आणि नंबरच्या जागेवर आडवा घासला. खडूची भुकटी बसली तसे दिसले की नंबराच्या आजूबाजूला कानस फिरलेली आहे, आणि खाली जुन्या आकड्यांच्या अर्धवट खुणा आहेत. गाडी चोरीची असेल किंवा नसेल, अल्लाह जाणे. पण असे इंजिन पुस्तकावर चढत नाही आणि पोलिसांपुढे आपणच जबाबदार. बयाणा परत मिळाला नाही. आयुष्यभर कापडाचा पोत बोटाने ओळखत आलो, पण लोखंडाला हात लावण्याआधी जाणकाराला सोबत न्यायला विसरलो.

परत आलो तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आपलाच ब्लॉक वाचते का पाहू." इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. हेड बदलले, पिस्टन बदलले, क्रँक घासून घेतला, तरी ब्लॉक तोच असेपर्यंत नंबर तोच, पुस्तक तेच. ब्लॉक लोखंडी ओतीव आणि हेड अॅल्युमिनियमचे असल्यामुळे गरमीत आधी हेड वाकते. ब्लॉकला तडा गेला नसेल तर आशा असते. ब्लॉक धुऊन, पाण्याच्या दाबावर तपासून लेथवाल्याकडे नेला. तीन सिलिंडरपैकी दोन मोठ्या मापाच्या पिस्टनला बोअर करून चालणारे होते, तिसऱ्यातला ओरखडा खोल निघाला. मिस्त्रींनी तिन्हीत स्लीव्ह टाकून मूळ माप परत आणायचा सल्ला दिला. स्लीव्ह म्हणजे सिलिंडरच्या आत बसणारी नवी नळी. तिन्हीत एकाच मापाचे पिस्टन राहिले की वजनाचा तोल राहतो, आणि पुढे कधी काम निघालेच तर बोअर वाढवायला जागा शिल्लक राहते. स्लीव्ह ढिली बसली तर उष्णता ब्लॉकमध्ये नीट उतरत नाही, म्हणून हे काम स्वस्तातल्या लेथवर देऊ नये. लेथवाल्यांचे हात तीस वर्षे याच कामात गेलेले आहेत. मायक्रोमीटर लावण्याआधी ते अंगठ्याने माप सांगतात आणि मग मायक्रोमीटर त्यांची री ओढतो.

हेड वाकले होते तेवढे घासून सपाट केले. क्रँक, बेअरिंग, ऑइल पंप, वॉटर पंप, गॅस्केटचा सेट, क्लच प्लेट, नवा रेडिएटर आणि सारे रबरी पाइप मिळून मजुरीसह आम्हाला २३ हजार ४०० रुपये पडले. गेलेला बयाणा वेगळा. जिप्सीचे इंजिन आम्हाला जुळणीसकट याच्या दुपटीहून जास्त सांगितले गेले होते. काम अकरा दिवस चालले. त्या अकरा दिवसांत भाड्याच्या टेम्पोला जे दिले ते हिशेबात धरले तर मुलगा पुन्हा इकोचे नाव काढतो.

यावरून शकुंतला गाडी आठवली. मूर्तिजापुरातून एकीकडे यवतमाळ, दुसरीकडे अचलपूर अशी धावणारी ती छोटी रेल्वे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षे ओढत राहिले आणि एप्रिल १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. मोठी-मोठी इंजिने आणून पाहण्याची गरज त्या गाडीला पडली नाही, कारण रूळ छोटेच होते.

गाडीचे पहिले हजार किलोमीटर आम्ही पन्नासच्या वर नेली नाही, मग ऑइल बदलले. पाण्याचा काटा आता दर दहा मिनिटांनी पाहतो आणि मागे पाच लिटर पाण्याची कॅन असते. १५ वर्षांनंतर गाडीचे पासिंग पाच-पाच वर्षांनी करावे लागते. आमचे २०२२ मध्ये झाले, तेव्हा फी सहाशेवरून पाच हजार झालेली होती. पुढचे २०२७ ला. भाऊ विचारतो, तेव्हा काय करायचे? मुलाने इकोचा भाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. आम्ही त्याच पानावर खाली ब्लॉकचे माप आणि लेथवाल्यांचा नंबर लिहून ठेवला आहे.